खातं बाईचं, मोबाइल कुणाचा?

(नांदेड-लातूरकडील बचत गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



ज्यांच्या नावावर बँकेत खातं आहे, त्यांनी हात वर करा. बघा, जवळजवळ सगळेच हात वर आहेत. आता, पैसे जमा झाल्याचा मेसेज ज्यांच्या स्वतःच्या मोबाइलवर येतो, त्यांनीच हात वर ठेवा. किती हात खाली आले, पाहिलंत? आज मला या खाली आलेल्या हातांविषयी बोलायचं आहे.

हे फक्त आपल्याकडंच आहे असं नाही. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सुमारे ७९ टक्के बायकांकडं स्वतः वापरत असलेलं खातं होतं. स्वतः वापरत असलेला मोबाइल मात्र ५४ टक्के बायकांकडंच.

बँकेची पायरी आपल्याला कुणी सहज चढू दिलेली नाही. साताऱ्याकडं म्हसवडच्या बायकांनी स्वतःची बँक काढायचं ठरवलं, तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नाही म्हणून परवाना नाकारला गेला. त्या अक्षरं शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि १९९७ साली माणदेशी महिला बँक उभी राहिली. पुढं २०१४ मध्ये जनधन खाती निघाली. २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे महिन्याचे १५०० रुपये आधारशी जोडलेल्या खात्यात येऊ लागले. पण खात्याला नंबर नवऱ्याचा, नाहीतर मुलाचा. मग पैसे कधी आले, कुणी काढले, हे जिचं खातं तिलाच सगळ्यात शेवटी कळतं.

माझ्या ओळखीच्या एक मावशी आहेत. सोयाबीन काढून काढून अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या. गावातल्या एका केंद्रावर त्यांनी मशीनवर अंगठा ठेवला. ‘उठला नाही, परत लावा,’ असं म्हणत तीनदा लावून घेतला. हातात दिले पाचशे. महिन्यानं पासबुक भरून आणलं, तर त्या दिवशी पाचशे दोनदा निघालेले! मावशी म्हणाल्या, ‘अंगठा उठत नाही म्हणून मीच ओशाळले होते गं.’

पूर्वी सावकाराच्या कागदावर अंगठे उठवून जमिनी गेल्या. आता कागदाच्या जागी मशीन आलं. म्हणून मशीनला भ्यायचं नाही, पण न विचारता अंगठाही द्यायचा नाही.

चार गोष्टी गाठीला बांधा. शाखेत अर्ज देऊन खात्याला स्वतःचा नंबर लावून घ्या. अंगठा लावला की, व्यवहार झाला असो वा नसो, पावती मागा. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन लागतो तो द्यायला; ‘पैसे पाठवतो, पिन टाका’ म्हणणारा लुबाडायलाच बसलेला असतो. आणि फसवणूक झालीच तर लगेच १९३० ला फोन करा, बँकेत लेखी तक्रार द्या.

घरात कुणी म्हणेल, ‘बाईला मोबाइल कशाला?’ एकटीनं उत्तर देणं अवघड असतं, हे मला माहीत आहे. म्हणूनच गट आहे. ज्या दोघींना येतं त्यांनी आठ जणींना शिकवावं, आणि नंबर बदलायला दहाही जणींनी मिळून शाखेत जावं.

पुढच्या मेळाव्यात मी हाच प्रश्न पुन्हा विचारणार आहे. तेव्हा हात खाली येऊ देऊ नका.