हगवणीत पाणी तोडू नका



पावसाळ्यात आपल्याकडे हगवण येते. मूल दिवसातून दहादा हगते. मग घरात कोणी म्हणते, "पाणी देऊ नका, आणखी जुलाब होतील." आजवर आपण तसेच करीत आलो. पण रोप सुकू लागले, तर आपण त्याचे पाणी तोडतो का?

हगवणीने अंगातले पाणी आणि मीठ जाते. तोंड कोरडे पडते, डोळे खोल जातात. मूल दगावते ते यानेच.

१९७१ साली बांगलादेशाहून आलेल्या निर्वासितांत पटकी पसरली. तेव्हा बंगालमधील बनगाव येथे डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, ग्लुकोज व खाण्याचा सोडा घातलेले पाणी पाजून पुष्कळांचे प्राण वाचवले.

आशाताईंकडे ओआरएसची पुडी मिळते. पुडी नसेल, तर उकळून गार केलेले १ लिटर पाणी घ्या. त्यात चहाचे सपाट ६ चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवा. घोट घोट पाजा. ओकले, तर दहा मिनिटे थांबून पुन्हा पाजा. अंगावरचे दूध चालू ठेवा.

शौचात रक्त दिसले, मूल पिईना किंवा गुंगीत गेले, तर तडक दवाखाना गाठा. वाटेतही पाजता येईल तेवढे पाजा.

तेव्हा आपण ठरवू या : जुलाब झाले, तरी पाणी तोडायचे नाही.