आपला गल्ला कोणाच्या हाती?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



बोलायला विषय कोणता घेऊ, असे मी चिटणीसबाईंना विचारले, तेव्हा त्या हसत म्हणाल्या, "गूगल घ्या की!" मला ती थट्टा वाटली. पण सकाळी तिथी पाहण्यापासून रात्री नातवाला गाणे लावून देईपर्यंत ज्या कंपनीचे दार आपण वीस वेळा ठोठावतो, तिच्याविषयी या मंडळात आजवर चार शब्दही निघाले नाहीत, हे खरेच नवल आहे.

प्रारंभ आपल्या मुरबाड तालुक्यातील धसईपासूनच करते. नोटाबंदीला महिनाही झाला नव्हता, तोच १ डिसेंबर २०१६ रोजी धसई हे महाराष्ट्रातील पहिले रोकडरहित गाव म्हणून जाहीर झाले. त्या वेळचे अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार आले होते. दुकानांतून कार्ड घासण्याची यंत्रे आली, वर्तमानपत्रांतून छायाचित्रे झळकली. तो उत्साह फार दिवस टिकला नाही. पुढे सप्टेंबर २०१७ मध्ये गूगलने 'तेज' नावाची सोय काढली. पुढच्या वर्षी तिचेच नाव 'गूगल पे' झाले. समारंभाने जे साधले नाही, ते भिंतीला चिकटवलेल्या कागदाच्या चौकोनाने साधले. आज करवंदांची पाटी घेऊन बसलेली बाईसुद्धा तो चौकोन पुढे करते, आणि सुट्या पैशांची कटकट गेली म्हणून मलाही बरेच वाटते. सोय ती सोयच. तिला नावे ठेवायला मी उभी नाही.

पण यातले मर्म पाहा. पैसे ज्या रस्त्याने जातात तो यूपीआयचा रस्ता आपल्या देशातील बँकांच्या संस्थेने, पेमेंट्स कॉर्पोरेशनने, २०१६ मध्ये बांधला. रस्ता आपला, गाड्या मात्र दुसऱ्यांच्या. वॉलमार्टच्या मालकीची फोनपे आणि ही गूगल पे, या दोघींनी मिळून शंभरातील ऐंशीहून अधिक व्यवहार आपल्याकडे ओढले. कोणा एकीकडे तीस टक्क्यांहून अधिक व्यवहार असू नयेत, असा नियम नोव्हेंबर २०२० मध्ये त्या संस्थेने केला. पण अंमलबजावणीची मुदत वाढवत वाढवत डिसेंबर २०२६ अखेरपर्यंत नेली. घरच्या सुनेला इतकी सवलत कोणी देत नाही!

आणि गूगलचे काम पैशांपुरतेच नाही. आपल्यापैकी बहुतेकींचा फोन अँड्रॉइडचा, म्हणजे गूगलच्याच आज्ञावलीवर चालणारा. दुकानातून आणला की शोध, नकाशा, चित्रफिती सारे तिचेच आत बसलेले. फोन बनविणाऱ्यांवर याबाबत अटी लादल्या म्हणून दिल्लीच्या स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये तिला १,३३७.७६ कोटी रुपये दंड केला, आणि मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो कायम ठेवला. अमेरिकेतही ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायालयाने शोधाच्या धंद्यात तिने बेकायदा मक्तेदारी राखली, असा निर्णय दिला. तिची मुख्य मिळकत जाहिरातींची. आपण काय शोधतो, कोठे जातो, हेच तिचे भांडवल. तेव्हा फुकट म्हणून जे मिळते ते अगदीच फुकट नव्हे.

शहापूरच्या भगिनींना हे मी अधिक काय सांगावे? तानसा तलाव १८९२ मध्ये पुरा झाला, पुढे भातसा झाले. पाणी मुंबईला गेले, आणि उन्हाळ्यात आपले पाडे टँकरची वाट पाहतात. पण तेथे निदान तहसील कचेरी आहे, हंडा मोर्चा नेता येतो. आपल्यातल्या एका भगिनीचे बचत गटाचे पैसे भलत्याच नंबरावर गेले, तेव्हा ती तीन दिवस फोनमधल्या यंत्राशीच बोलत होती. माणूस काही भेटला नाही. कंपनी कोणती, ते येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. मला तेव्हापासून एकच प्रश्न पडला आहे : हा मोर्चा न्यायचा कोणाच्या दारावर?

दारे अगदीच नाहीत असे नव्हे. फसवणूक झाली तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे. चूक झाली तर आधी आपल्या बँकेत लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी. बँकेने दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे. पेमेंट्स कॉर्पोरेशनचे स्वतःचे 'भीम' आहे. साध्या फोनवरून, इंटरनेट नसतानाही, *९९# दाबून पैसे पाठविता येतात; डोंगराकडच्या गावांना हे ठाऊक असावे.

आपल्या मंडळाचा गल्ला सगळाच फोनवर न्यावा, अशी सूचना आली आहे. माझे मत असे की वर्गणी फोनवरून जरूर घ्यावी, पण चौकोन आपल्या बँकेकडूनच घ्यावा, म्हणजे तक्रारीला समोर एक खिडकी तरी राहील. लाल कापडाची वही बंद करू नये. रोजच्या जमेवर दोघींची सही असावी. तरुण मुलींना हे जुनाट वाटेल; वाटू द्या.

यावर पुढच्या सभेत मत घ्यायचे आहे. ज्यांना 'भीम' घालून घ्यायचे असेल त्यांनी त्या दिवशी फोन आणि बँकेचे डेबिट कार्ड बरोबर आणावे. गुप्त आकडा मात्र कोणालाच सांगू नये, मलासुद्धा नाही.