लांकडाचा श्वास आणि राळ

श्रावणांत दार लागत नाहीं आणि चैत्रांत त्याच दाराच्या फटींतून ऊन आंत येतें, हा अनुभव मराठी घरांत नवा नाहीं. पुणें-मिरज लोहमार्गावरील रहिमतपुरांत तर उन्हाळा कोरडा व पावसाळा दमट. त्यामुळें तेथील जुन्या वाड्यांतील चौकटी, पाट व पेट्या दर वर्षीं फुगतात आणि आकसतात. अशा वाड्यांत एखादा देव्हाराही असतो. तो तीन पिढ्यांचा असतो, त्याच्या खांबांना किडीनें भोंकें पाडलेलीं असतात आणि बोट लावतांच भुसा गळतो. धाकटी पिढी म्हणते, नवा आणावा. थोरली म्हणते, हाच राहूं द्यावा. त्यांत कोणी सुचवितो कीं, हल्लीं लांकडांत राळ भरतात, तसें करावें. हा सल्ला कितपत ग्राह्य आहे?

लांकूड म्हणजे सूक्ष्म नळ्यांची जुडी होय. झाड तोडल्यावर नळ्यांच्या पोकळींतील पाणी आधीं निघून जातें. त्यानें आकार बदलत नाहीं. ओल कोरड्या लांकडाच्या वजनाच्या सुमारें ३० टक्क्यांखालीं उतरली म्हणजे मात्र नळ्यांच्या भिंती सुकूं लागतात व लांकूड आकसतें. हें आकसणें लांबींत नाममात्र असतें. परंतु वर्षवलयांच्या दिशेनें तें गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेपेक्षां सुमारें दुप्पट असतें. या विषमतेमुळेंच फळी वांकते व चिरते.

राळ आपल्याकडे अपरिचित नाहीं. सावंतवाडीचा कारागीर चरकावर फिरणाऱ्या लांकडाला लाखेची कांडी टेंकवितो व घर्षणाच्या उष्णतेनें लाख वितळून त्यावर चढते. लाख हीही राळच; पण तें लांकडाचें वस्त्र झालें. अंतरंगांत ती शिरत नाहीं.

अंतरंगांत शिरण्याची विद्या विसाव्या शतकाची. लिओ बेकलँड या रसायनशास्त्रज्ञांनीं १९०७ सालीं फेनॉल व फॉर्मल्डिहाइड यांपासून कृत्रिम राळ सिद्ध केली. पुढें अमेरिकेंत मॅडिसन येथील वनोत्पादन प्रयोगशाळेंत आल्फ्रेड स्टॅम व त्यांच्या सहकाऱ्यांनीं या जातीची पाण्यांत विरघळणारी राळ पातळ फळ्यांत मुरवून तापविली. ती नळ्यांच्या भिंतींतच ठाण मांडून बसली, पाण्याला तेथें जागा उरली नाहीं आणि फुगणें-आकसणें पुष्कळच कमी झालें. दाबाखालीं घट्ट केलेल्या अशा लांकडाचे विमानांचे पंखेही दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत बनले.

आजचे हौशी कारागीर बहुधा मेथाक्रिलेट जातीची पातळ राळ घेतात. तुकडा प्रथम १०५ अंश सेंटिग्रेडच्या सुमारास, वजन उतरावयाचें थांबेपर्यंत सुकवावयाचा. घाई नडते ती येथेंच. ओल राहिली तर राळेला वाट मिळत नाहीं. मग तुकडा राळेंत बुडवून पंपानें भांड्यांतील हवा काढावयाची. बुडबुडे थांबले म्हणजे काम संपलें असें कित्येकांस वाटतें. तें खरें नव्हे. हवा परत सोडल्यावर तिच्या दाबानें राळ रिकाम्या नळ्यांत लोटली जाते. म्हणून त्यानंतरही तुकडा कित्येक तास बुडालेलाच ठेवावा लागतो. शेवटीं ९० अंशांच्या आसपास तापविला कीं राळ घट्ट होते. वाफा अपायकारक असल्यानें हें काम स्वयंपाकघरांतील भट्टींत कदापि करूं नये.

ही राळ मुख्यतः पोकळ्या भरते, भिंतींत फारशी शिरत नाहीं. त्यामुळें लांकूड कठीण होतें, ओल सावकाश घेतें. पण अगदींच अचल होत नाहीं. सागाच्या तेलकट गाभ्यांत ती नीट मुरत नाहीं. उलट बुरशीनें काळ्या रेघा उमटलेलें, चुलींत जावयाचें आंब्याचें मऊ लांकूड ती पोटभर पिते व त्याची सुरेख मूठ किंवा लेखणी होते. ज्याला कोणी वाली नाहीं त्याला ती जीवदान देते, हें तिचें मोठेपण.

देव्हाऱ्याची गोष्ट निराळी. त्याला भट्टी सोसवत नाहीं. सांधे निखळतील, जुना रंग जाईल. शिवाय एकदां घट्ट झालेली ही राळ पुन्हां काढतां येत नाहीं. म्हणून संग्रहालयांतील जाणते पॅरालॉइड बी-७२ सारखी ॲसिटोनमध्यें विरघळणारी राळ पसंत करतात व ती जेथें लांकूड पिठूळ झालें असेल तेवढ्याच ठिकाणीं थोडथोडी मुरवितात. ती पुन्हां पूर्णपणें निघेलच असें नाहीं; पण पुढच्या कारागिराला वाट मोकळी राहते.

तेव्हां रहिमतपूरच्या त्या घरानें आधीं कीड मारावी, देव्हारा ओलसर भिंतीपासून दूर ठेवावा आणि पोखरलेल्या खांबापुरतीच राळ जाणत्या हातानें भरवून घ्यावी. बाकीचें लांकूड श्रावणांत थोडें फुगेल, चैत्रांत थोडें आकसेल. तीन पिढ्या तें तसेंच करीत आलें आहे. चौथीनें त्याला तेवढी मोकळीक द्यावी.