दोन समुद्रांना पाणी देणारा जिल्हा



माझ्या भाषणानंतर बक्षीस वितरण आहे आणि त्यानंतर तुमचे नाच आहेत, याची मला जाणीव आहे. मागच्या रांगांकडे पाहिलं की ती जास्तच होते. पण 'समुद्राच्या मॉडेलवर काम करणारे पाहुणे' अशी माझी ओळख करून दिली गेली, तेव्हा दोन-तीन रांगांमधून खसखस ऐकू आली. तिला उत्तर दिल्याशिवाय मी खाली बसणार नाही. वाशीमचा आणि समुद्राचा संबंध काय, हेच ना?

जिल्ह्याचा नकाशा आठवा. पैनगंगा पूर्वेकडे जाते, वर्धेला मिळते. पुढे प्राणहिता, मग गोदावरी, मग बंगालचा उपसागर. अडाण आणि अरुणावतीचं पाणीही पैनगंगेलाच जाऊन मिळतं. काटेपूर्णा मात्र आपल्याच डोंगरांतून निघून उत्तरेला अकोल्याकडे उतरते, पूर्णेत जाते, पूर्णा तापीत आणि तापी अरबी समुद्रात. एकाच जिल्ह्यात पडलेला पाऊस दोन समुद्रांना वाटला जातो. असे जिल्हे फार नाहीत. आणि जूनमध्ये समुद्राकडून काय परत येतं, यावर रिसोडपासून मानोऱ्यापर्यंतच्या सोयाबीन-तुरीचं वर्ष ठरतं.

काय परत येईल हे आधी सांगता यावं, म्हणून दीडशे वर्षं खटपट चालू आहे. हवामान खातं 1875 साली स्थापन झालं. पुढे 1904 ते 1924 या काळात त्याचे प्रमुख असलेले गिल्बर्ट वॉकर मूळचे गणिती. भारतातला पाऊस समजून घ्यायला त्यांनी जगभरच्या वेधशाळांचे आकडे मागवले, आणि त्यातून पॅसिफिक आणि हिंद महासागरांवरच्या हवेच्या दाबाचा झोका त्यांच्या हाती लागला. एल निनोचं नाव तुम्ही दर उन्हाळ्यात बातम्यांत ऐकता, त्याची ही दुसरी बाजू. दुसऱ्यांनी मोजलेले आकडे मिळाले नसते, तर वॉकरना हे कदापि दिसलं नसतं.

पण एल निनो आला की दुष्काळ, हे समीकरण सरळ नाही. 1997 साली शतकातला मोठा एल निनो होता आणि देशाचा पाऊस मात्र सरासरीच्या 102 टक्के झाला. 2002 चा एल निनो त्यापेक्षा कितीतरी सौम्य. त्या वर्षी जुलैतला जवळजवळ निम्मा पाऊस गेला आणि हंगाम 19 टक्के तुटीत संपला. मग हे गौडबंगाल काय? त्याचं उत्तर पॅसिफिकमध्ये नव्हतं, आपल्या दारातल्या हिंद महासागरात होतं. 1999 साली साजी, गोस्वामी, विनयचंद्रन आणि यामागाता या भारतीय-जपानी चमूने 'नेचर'मध्ये दाखवलं की काही वर्षी आफ्रिकेकडचा समुद्र तापतो आणि सुमात्राकडचा निवतो. त्याला इंडियन ओशन डायपोल म्हणतात. 1997 मध्ये तो आपल्या बाजूने होता.

या कोड्यावर ज्यांनी सर्वांत चिवटपणे काम केलं, त्या पुण्याच्या. सुलोचना गाडगीळ. हे नाव इथल्या किती जणांना ठाऊक आहे ते मी विचारत नाही, पण ठाऊक असायला हवं. हार्वर्डला त्यांनी डॉक्टरेट केली ती सागरी प्रवाहांच्या गणितावर, आणि 1971 च्या सुमारास परत आल्या त्या मान्सूनकडे वळल्या. तोवर पाठ्यपुस्तकांत मान्सून म्हणजे जमीन तापते, समुद्र गार राहतो, म्हणून वारे वाहतात, एवढंच असे. अजूनही बऱ्याच पुस्तकांत तेवढंच आहे! गाडगीळ आणि डी. आर. सिक्का यांनी उपग्रहांची रोजची छायाचित्रं एकापुढे एक ठेवून पाहिली. विषुववृत्ताजवळच्या समुद्रावर ढगांचा पट्टा तयार होतो आणि हळूहळू उत्तरेला सरकत आपल्यावर येतो, हे त्यांनी 1980 साली मांडलं. ती छायाचित्रं अमेरिकी उपग्रहांची होती. चार वर्षांनी त्यांनी सहकाऱ्यांबरोबर दाखवलं की समुद्राचं पाणी साधारण 28 अंशांच्या वर गेल्याशिवाय त्यावर असे दाट ढग उठत नाहीत. याच बाई पुढे कर्नाटकात पावगडच्या भुईमूग पिकवणाऱ्या शेतकऱ्यांबरोबर बसून पेरणीची योग्य वेळ कोणती याचा हिशेब करत होत्या. 24 जुलै 2025 रोजी त्या गेल्या.

आता मॉडेलकडे येतो. मॉडेल म्हणजे संगणकावर सोडवलेली समीकरणं: हवा कशी वाहते, पाणी कसं तापतं, मीठ कुठे जातं, वाफ किती होते. पृथ्वीच्या चौकटी पाडायच्या आणि प्रत्येक चौकटीत ही समीकरणं सोडवत पुढे जायचं. पुण्याच्या पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था आहे, आयआयटीएम. 2012 साली मान्सून मिशन सुरू झालं, तेव्हा तिने एक अमेरिकी मॉडेल घेतलं. त्यातला समुद्राचा भाग प्रिन्स्टनच्या प्रयोगशाळेतला. कर्क ब्रायन यांनी 1960 च्या दशकात त्याच प्रयोगशाळेत समुद्राची समीकरणं संगणकावर बसवली. त्यांच्याबरोबर समुद्र आणि हवा पहिल्यांदा जोडणारे स्युकुरो मनाबे यांना 2021 साली नोबेल मिळालं. आपल्या लोकांनी ते मॉडेल जसंच्या तसं चालवलं असतं तरी कोणी बोललं नसतं. पण ते होतं एका हंगामापुरतं. शंभर वर्षं चालवलं की त्यातल्या उष्णतेचा जमाखर्च जुळेना. आयआयटीएममध्ये वर्षानुवर्षं दुरुस्त्या झाल्या, समुद्राचा भाग बदलला, आणि त्यातून जे उभं राहिलं, ते जगाच्या सामाईक हवामान-प्रयोगांत उतरलेलं भारतातलं पहिलं मॉडेल. त्याचे निकाल आंतरराष्ट्रीय भांडारात आहेत. ब्राझीलचा विद्यार्थी ते वापरू शकतो. वाशीमचाही, पैसे लागत नाहीत.

परीक्षेच्या आधी नोट्स उशाखाली लपवणारे मित्र प्रत्येक वर्गात असतात. या क्षेत्रात तसं करून चालत नाही, कारण समुद्र एकट्याला मोजताच येत नाही. अर्गो नावाची सुमारे चार हजार यंत्रं जगभरच्या समुद्रांत तरंगताहेत. दर दहा दिवसांनी यंत्र दोन हजार मीटर खोल जातं, वर येताना तापमान आणि क्षारता मोजतं आणि उपग्रहाला कळवतं. कोणत्या देशाने ते सोडलं याला महत्त्व नाही. आकडे साधारण चोवीस तासांत सर्वांना खुले. भारताकडची ही नोंद हैदराबादची इन्कॉइस ही सागरी माहितीची संस्था ठेवते. हिंद महासागरात नांगरून ठेवलेल्या तराफ्यांची अशीच एक साखळी भारत, अमेरिका, जपान वगैरे देशांनी मिळून बांधली, आणि सोमालियाच्या चाच्यांमुळे तिचं पश्चिमेकडचं काम काही वर्षं रखडलं. हवामानाच्या अंदाजात चाच्यांचाही हात असतो, हे तुमच्या पुस्तकात सापडणार नाही.

सगळंच खुलं आहे असं मात्र नाही. बंगालच्या उपसागरावर नद्यांच्या गोड्या पाण्याचा हलका थर पसरतो, तो वरचं पाणी ऊबदार ठेवतो आणि ढगांना बळ देतो. त्यात तुमच्या पैनगंगेचाही वाटा. पण गंगा-ब्रह्मपुत्रेच्या प्रवाहाचे रोजचे आकडे सुरक्षेच्या कारणाने खुले नाहीत, आणि अभ्यासकांना अंदाजावर भागवावं लागतं. माझ्या मते यात सुरक्षेपेक्षा नुकसान जास्त आहे.

आता पुन्हा मॉडेलच्या चौकटींकडे. वाशीमचं क्षेत्रफळ पाच हजार चौरस किलोमीटरच्या थोडं वर. शंभर किलोमीटरच्या चौकटीत अख्खा जिल्हा मावून तेवढीच जागा उरते. म्हणजे तशा मॉडेलला कारंजा आणि मालेगाव यांत फरकच करता येत नाही. मान्सून मिशनने ती चौकट 38 किलोमीटरवर आणली. मे 2025 मध्ये सुरू झालेली रोजच्या अंदाजाची 'भारत फोरकास्ट सिस्टम' 6 किलोमीटरची आहे. तिच्यात आपल्या जिल्ह्याच्या सुमारे 140 चौकटी बसतात. आणि हे बारकावे आता लागणारच. 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात एकाच वेळी मोठ्या भागावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या, असं आयआयटीएमच्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी 2017 साली दाखवलं. त्या पट्ट्यात वाशीम येतं. कारण त्यांनी अरबी समुद्राच्या तापण्यात शोधलं.

पण 140 चौकटींतले अंदाज बरोबर आले की चुकले, हे कोण ताडून पाहणार? राज्याच्या 'महावेध' प्रकल्पाची हवामान केंद्रं महसूल मंडळात एक. मंडळात पाऊस झाला आणि आमच्या शिवारात थेंब नाही, ही तक्रार इथल्या प्रत्येक पालकाने केली असेल; पीकविम्याच्या वेळी तर नक्कीच.

म्हणून प्राचार्यांना माझी विनंती आहे. या मैदानात एक साधा पर्जन्यमापक बसवा. झाड किंवा इमारत जेवढी उंच, त्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर. रोज सकाळी साडेआठला वाचायचा, हवामान खात्याचीही वेळ तीच. एक मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, हे पहिल्या दिवशीच मुलांना समजावून सांगा. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहायचं, रकाना कोरा ठेवायचा नाही. रविवारी आणि दिवाळीच्या सुट्टीत कोण वाचणार, त्याची पाळी आत्ताच ठरवा, कारण नोंदी तिथेच तुटतात. जे विद्यार्थी खेड्यांतून येतात त्यांनी आपापल्या गावी दुसरा, तिसरा बसवावा. आणि ती वही कपाटात ठेवू नका. महिन्याच्या महिन्याला फलकावर लावा, मागेल त्याला द्या. सुरुवात येत्या 1 जूनला करा.