शस्त्रक्रियेनंतरची रात्र
(नाशिक येथे दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



रुग्णालयाची थोरवी सांगताना खाटांची संख्या सांगण्याचा प्रघात आहे. अलीकडे त्यात यंत्रांच्या किमतीची भर पडली आहे. दाखल झालेल्या शंभर रुग्णांपैकी किती जण चालत घरी गेले, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. श्रीमंत आणि गरीब देशांच्या आरोग्यसेवेतील खरे अंतर याच प्रश्नाच्या उत्तरात दडलेले आहे.

आफ्रिकेतील 25 देशांच्या 247 रुग्णालयांत शस्त्रक्रिया झालेल्या अकरा हजारांहून अधिक रुग्णांची पाहणी 2018 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. हे रुग्ण वयाने तरुण होते, त्यांना जोडीचे आजारही कमी होते. असे असूनही त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण जागतिक सरासरीच्या दुप्पट निघाले. याहून विचार करायला लावणारी गोष्ट अशी की, सुमारे 95 टक्के मृत्यू शस्त्रक्रियेच्या टेबलावर झाले नव्हते, तर नंतर वॉर्डात झाले होते. म्हणजे शल्यविशारदाचा हात चुकला नव्हता. रात्री दोन वाजता नाडी जलद होते, श्वास वाढतो, लघवीचे प्रमाण घटते. ही चिन्हे तासाभरात कोणी टिपली, तर रक्त देता येते, प्रतिजैविक बदलता येते, प्रसंगी पोट पुन्हा उघडता येते. एकाच परिचारिकेकडे संपूर्ण वॉर्ड असेल, तर तीच चिन्हे सकाळच्या फेरीत दिसतात. आणि तोवर पुष्कळदा वेळ निघून गेलेली असते.

अतिदक्षता विभागाची कथा वेगळी नाही. कोविडने अत्यवस्थ झालेल्या रुग्णांच्या 2021 सालच्या आफ्रिकी पाहणीत 48 टक्के रुग्ण तीस दिवसांत दगावले. जागतिक सरासरी 31 टक्क्यांच्या आसपास होती. प्राणवायूची किंमत नाशिककरांना निराळी सांगायला नको. 21 एप्रिल 2021 रोजी महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीला गळती लागून पुरवठा खंडित झाला आणि 22 रुग्णांचा त्या दिवशी अंत झाला. व्हेंटिलेटर होते, डॉक्टरही होते.

तथापि अशा तुलनेत एक सावधगिरी आवश्यक आहे. ऑगस्ट 2017 मध्ये नाशिकच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात कक्षात 55 अर्भके दगावल्याचे वृत्त आले आणि राज्यभर खळबळ उडाली. त्यांतील बहुतेक बालके अपुऱ्या दिवसांची व अत्यल्प वजनाची होती, अनेक अखेरच्या अवस्थेत आणली गेली होती, असे शासकीय यंत्रणेचे म्हणणे होते. यंत्रणेचा हा बचाव पुरेसा नव्हता, पण तो निराधारही नव्हता. सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातील पाड्यावरून घाट ओलांडून शहरात पोहोचेपर्यंत रुग्णाचे अर्धे आयुष्य वाटेतच खर्ची पडते. मग मृत्यूची नोंद होते ती शेवटच्या दारी. जे रुग्णालय कोणालाही परत पाठवत नाही, त्याचा आकडा नेहमीच वाईट दिसणार. आणि अत्यवस्थ रुग्णाला दारातूनच पुढे पाठवणाऱ्याचा आकडा मात्र स्वच्छ राहणार!

साधनांची टंचाई म्हणजे मृत्यू अटळच, असे मानण्याचेही कारण नाही. रायगड जिल्ह्यातील महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी हे दाखवून दिले. 1976 साली ते बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने रुग्णालयात येणाऱ्यांपैकी सुमारे 40 टक्के दगावत. त्यांनी उशाशी बसून तासातासाला रक्तदाब मोजला, घाम, नाडी, श्वास यांच्या नोंदी ठेवल्या. विष प्रथम रक्तदाब भडकवते, मग हृदय थकते आणि फुफ्फुसांत पाणी साचते, हा क्रम त्या नोंदींतून उलगडला. त्यांची निरीक्षणे 1982 साली ‘लॅन्सेट’मध्ये आली. पुढे प्राझोसिन ही रक्तदाबाची स्वस्त गोळी त्यांनी वापरात आणली आणि मृत्यूचे प्रमाण एक टक्क्यावर आले. ना अतिदक्षता विभाग, ना महागडे यंत्र. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. विंचवाने दंशलेल्या शेतमजुराला त्याची वार्ता नसेलही.

येथे दानशूर मंडळी बसलेली आहेत, म्हणून एक अप्रिय गोष्ट सांगणे भाग आहे. इमारतीच्या कोनशिलेवर दात्याचे नाव कोरता येते, सोनोग्राफी यंत्रावर पट्टी लावता येते. रात्रपाळीच्या दुसऱ्या परिचारिकेच्या पगारावर मात्र कोणाचे नाव कोरता येत नाही, म्हणून तो पगार कोणी देत नाही. बोटाला लावून रक्तातील प्राणवायू दाखवणारे छोटे यंत्र वॉर्डातील प्रत्येक खोलीत हवे, त्याचे सेल वेळेवर बदलले जावेत, राखीव सिलिंडर भरलेला आहे की नाही हे रोज सायंकाळी कोणीतरी पाहून वहीत सही करावी, यासाठीचा निधी उद्घाटनयोग्य नसतो. आणि त्याच वहीत शेजारच्या पानावर महिन्याअखेरीस किती रुग्ण आले, किती घरी गेले, किती पुढे पाठवले व त्या पाठवलेल्यांचे काय झाले, हे चार आकडे लिहिले जावेत. विश्वस्तांच्या बैठकीत जमाखर्चाच्या आधी ते वाचले जावेत.