पहिली दुरुस्ती

श्रोतेहो, दुरुस्तीचे नाव काढले की आपल्यापुढे एखादा कसबी कारागीर उभा राहतो. मी तसा कारागीर नव्हे. चौतीस वर्षे शाळेत संस्कृत शिकविलेल्या माझ्यासारख्या माणसाने घरचा फ्यूज बदलला, तोच त्याचा यंत्रविद्येतील परमोच्च पराक्रम! तथापि वयाच्या बहात्तराव्या वर्षी मी एक जुने व्हिडिओ गेमचे यंत्र दुरुस्त केले, आणि त्यापायी घरातला एक जुना हिशेबही मला दुरुस्त करावा लागला. ती हकीकत आज आपल्याला सांगावयाची आहे.

गेल्या उन्हाळ्यात बंगळूरहून आलेल्या माझ्या नातीने माळ्यावरची एक खोकी खाली काढली. आत पांढऱ्या-तांबड्या रंगाचे ते यंत्र, दोन हातपट्ट्या आणि चार कॅसेटी होत्या. एका कॅसेटीवर ‘९९९९ खेळ’ असे छापलेले. प्रत्यक्षात दहा-बारा खेळच नावे बदलून पुन्हापुन्हा येत असत. यंत्र सुरू होईना. “आजोबा, हे कोणी मोडलं?” तिने विचारले. “तुझ्या बाबाने,” मी उत्तरलो. हे उत्तर आमच्या घरी १९९६ सालापासून कायम झालेले होते. मुलगा जवळच उभा होता. तो काही बोलला नाही. पाहुणे परतल्यावर मनात आले, दिवाळीत नात येईल तोवर हे आपणच सुरू करून पाहावे.

या यंत्राचे कुळ जपानचे. क्योतो शहरात १८८९ साली फुलांच्या चित्रांचे खेळायचे पत्ते करण्यासाठी निघालेल्या निंटेंडो या पेढीने १५ जुलै १९८३ रोजी ‘फॅमिली कॉम्प्युटर’ विक्रीस आणला. मासायुकी उएमुरा हे त्याच्या रचनेचे प्रमुख होते. त्याची कामचलाऊ स्मृती अवघी दोन किलोबाइट. एवढ्याशा जागेत त्याने घरोघरची मुले गुंगवून ठेवली. आपल्याकडे १९९० नंतरच्या दशकात मध्यमवर्गीय घरांत जी शिरली, ती बहुधा त्याची स्वस्त नक्कल. आमचेही त्यांतलेच, बिननावाचे.

यंत्र घेऊन मी पेठेतल्या एका रेडिओदुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाले, “सर, पाच मिनिटांचं काम आहे, ठेवून जा.” मला स्वतःच करावयाचे आहे, असे सांगताच ते हसले, पण त्यांनी मला दोन नियम घालून दिले. विजेच्या भिंतीतल्या प्लगात बसणारा अ‍ॅडाप्टर उघडायचा नाही, आणि जुन्या काचनळीच्या टीव्हीचे पाठचे झाकण तर कधीच काढायचे नाही. कारण बंद केल्यावरही त्या नळीत हजारो व्होल्टचा दाब टिकून राहू शकतो. यंत्राच्या पेटीत मात्र नऊ-दहा व्होल्टच पोचतात, तेव्हा नवशिक्याने हात घालायला ती जागा बरी.

मी एक मल्टीमीटर विकत घेतला. प्रथम अ‍ॅडाप्टर मोजला. त्यावर नऊ व्होल्ट लिहिलेले, आणि काटा तेरा दाखवी! मी घाबरलो. पुढे कळले की, अशा साध्या अ‍ॅडाप्टरवर भार नसला म्हणजे तो जास्तच दाखवितो. धन आणि ऋण ही टोकेही पाहून घेतली. या कुळातल्या यंत्रांत पुष्कळदा मधले टोक ऋण असते, आणि भलताच अ‍ॅडाप्टर लावला तर बरे यंत्रही जळू शकते.

मग स्क्रू काढले. प्रत्येक स्क्रू कुठला, याचे चित्र कागदावर काढून त्या-त्या जागी तो चिकटपट्टीने लावून ठेवला. आत एक हिरवी पाटी आणि तीवर तीन पायांचा, पत्र्याला जोडलेला एक भाग होता. येणारा दाब उतरवून तो पाच व्होल्ट करतो. त्याच्या येणाऱ्या पायावर मी मल्टीमीटर टेकविला. शून्य. याचा अर्थ, मेंदू मेला नव्हता. त्याला अन्नच पोचत नव्हते. आता शोध अ‍ॅडाप्टरची पिन बसते त्या खोबणीपाशी आला. भिंग लावून पाहिले, तो खोबणीच्या पायाभोवतीच्या डाखाला केसाएवढी वर्तुळाकार भेग! आणि ती खोबणी एका अंगाला कललेली.

श्रोतेहो, त्या क्षणी भिंग माझ्या हातातच राहिले. १९९६ च्या फेब्रुवारीत मुलाची दहावीची परीक्षा तोंडावर आली असता तो खेळताना दिसला, आणि मी संतापून त्या तारेला हिसका दिला. पेटी तारेबरोबर फरफटत टेबलाखाली आली. परीक्षा संपल्यावर यंत्र सुरू होईना, तेव्हा मी म्हणालो होतो, “रात्रंदिवस खेळून मोडलंस.” रोजच्या काढघालीनेही अशी भेग पडते, असे दुकानदार पुढे म्हणाले. पण खोबणी ज्या अंगाला कलली होती, त्या अंगाला मी उभा होतो.

डाख देणे मी एका निकामी ट्रान्झिस्टरच्या पाटीवर आठ दिवस गिरविले. पहिले डाख म्हणजे नुसते गोळे. दुकानदारांनी मर्म सांगितले: “सर, तारेला नको, जागेला तापवा. जागा तापली की डाख आपण होऊन पसरतो.” नवव्या दिवशी राळ लावून, तीन-चार क्षण जागा तापवून मी त्या भेगेवर डाख दिला. तो चकचकीत बसला. दिवा लागला!

पडद्यावर मात्र नुसती रंगीत रांगोळी. लहानपणी मुले अशा वेळी कॅसेटीत फुंकर मारीत. त्या फुंकरीतल्या दमटपणाने आतल्या पट्ट्या उलट अधिकच काळवंडतात. कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून मी कॅसेटीच्या साठही पट्ट्या पुसल्या, त्या वाळू दिल्या. चौथ्या खेपेस तो मिशाळ प्लंबर मारिओ पडद्यावर उभा राहिला.

त्याच रात्री मुलाला दूरध्वनी केला. सारे सांगितले, भेगेची जागासुद्धा. तो जरा वेळ थांबला. मग म्हणाला, “बाबा, मी तेव्हा सांगून पाहिलं होतं तुम्हांला.” मला ते आठवत नव्हते. “चुकलं माझं,” मी म्हणालो. वडिलांच्या तोंडून हे शब्द ऐकण्याची त्यालाही सवय नव्हती. तो घाईघाईने डाखाची चौकशी करू लागला.

नवशिक्याला मी एवढेच सांगेन: उघडण्यापूर्वी पाहा, आणि मोजल्यावाचून दोष कुठे आहे ते ठरवू नका. दिवाळीत नात आली. तिने पुन्हा विचारले, “हे कोणी मोडलं होतं?” या वेळी उत्तर देताना मी मुलाकडे पाहिले, आणि खरे ते सांगितले.