मंत्री राहिला, मोटार गेली

(उज्जैन येथे देवास गेटाजवळ मराठी मंडळींपुढे आम्ही केलेले भाषण)



राणोजी शिंद्यांच्या काळापासून मराठी माणूस या नगरीत नांदतो आहे. त्यामुळे बेळगावहून येताना परमुलखात आल्याची भावना आमच्या मनाला शिवली नाही. आजचा विषय तुमचा तितकाच आमचाही आहे. राज्यमंत्र्यांची संख्या वाढवा, म्हणजे लोकांची कामे लवकर होतील, असे पुष्कळदा सांगण्यात येते. या म्हणण्याची पारख कोठे करावी? आमच्या मते ती विधानभवनात नव्हे, तर येथून हाकेच्या अंतरावर असलेल्या देवास गेटच्या मोटारस्थानकावर करावी.

प्रथम, या म्हणण्यात जे खरे आहे ते मोकळेपणाने मान्य करू. एका मंत्र्याच्या गळ्यात पाच खाती बांधली, की त्यांतली चार सचिवच चालवितात. २०२० साली २३ मार्चला श्री. शिवराजसिंह चौहान यांनी शपथ घेतली, आणि २१ एप्रिलपर्यंत ते एकटेच येथले मंत्रिमंडळ होते. महामारी दाराशी उभी, आणि राज्याला स्वतंत्र आरोग्यमंत्री नाही! महाराष्ट्रातही २०२२ साली ३० जूनपासून ९ ऑगस्टपर्यंत दोघांनीच राज्य हाकले. तेव्हा मंत्री थोडे म्हणजे कारभार चोख, हा समज भ्रामक होय.

परंतु मंत्री पुष्कळ म्हणजे कारभार चोख, हा समज त्याहून भ्रामक आहे. उत्तर प्रदेशात १९९७ साली कल्याणसिंगांनी ९३ जणांचे मंत्रिमंडळ उभे केले. ते रयतेच्या सोयीसाठी नव्हते. बहुमताला ठिगळे लावण्यासाठी होते. अशा प्रकारांना आळा बसावा म्हणून २००३ ची ९१ वी घटनादुरुस्ती आली. मुख्यमंत्र्यासह मंत्र्यांची संख्या विधानसभेच्या १५ टक्क्यांहून अधिक असू नये, मात्र १२ हून कमीही नसावी, असे तिने ठरविले. येथील विधानसभा २३० जणांची. तिचे पंधरा टक्के साडेचौतीस. अर्धा मंत्री करण्याची युक्ती अजून निघालेली नाही; निघती, तर तोही शपथ घेता! मग संसदीय सचिवांची पळवाट शोधली गेली. आसामने त्यासाठी केलेला कायदा सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१७ मध्ये रद्द ठरविला.

आता वाढ कोठे होते ते पाहा. डिसेंबर २०२३ मध्ये उज्जैन दक्षिणचे आमदार डॉ. मोहन यादव मुख्यमंत्री झाले. त्यांच्याबरोबर दोन उपमुख्यमंत्री. त्याच महिन्याच्या २५ तारखेस आणखी २८ जणांनी शपथ घेतली : १८ कॅबिनेट मंत्री, ६ स्वतंत्र कार्यभाराचे राज्यमंत्री आणि ४ नुसते राज्यमंत्री. वर्षभराने नागपुरात महाराष्ट्राच्या ३९ मंत्र्यांचा शपथविधी झाला. त्यांत कॅबिनेट ३३, राज्यमंत्री अवघे ६. शिडीच्या वरच्या पायरीवर दाटी, खालच्या पायरीवर मोजकी माणसे! शिवाय ज्याच्याकडे स्वतंत्र कार्यभार नाही अशा राज्यमंत्र्याला वरिष्ठ मंत्री जेवढे काम सोपवील तेवढेच करता येते. दिवा आहे, तेल दुसऱ्याच्या हाती आहे.

आणि आता मोटारस्थानकावर चला. मध्य प्रदेशाचे राज्य परिवहन महामंडळ बंद करण्याचा निर्णय २००५ साली झाला. महामंडळ गेले, परिवहन खाते गेले काय? परिवहनमंत्र्याची खुर्ची गेली काय? मुळीच नाही! मंत्रिमंडळे आली नि गेली. मंत्री राहिला, मोटार गेली. खाजगी गाडी जेथे उतारू दाट तेथे धावते, आणि जेथे दोन म्हाताऱ्या व एक शाळकरी पोर उभे असते, तेथे फिरकत नाही. तो तिचा दोष नव्हे. तिचा तो धंदा आहे. तोट्यातल्या वाटेवरही गाडी जावी, हा सरकारचा धर्म. एप्रिल २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने ‘मुख्यमंत्री सुगम परिवहन सेवा’ मंजूर केली. उत्तम! परंतु मधली वीस वर्षे उणीव मंत्र्यांची नव्हती, हे विसरू नका.

आमच्या सीमाभागाचाही अनुभव निराळा नाही. सीमाप्रश्नाच्या समन्वयासाठी महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२२ मध्ये दोन मंत्री नेमले. डिसेंबरातील त्यांच्या बेळगाव भेटीची तारीख एकदा पुढे गेली, आणि अखेर भेटच रद्द झाली. नेमणुकीने प्रश्न हलत नाही. नेमलेल्याच्या हाती काय दिले, यावर तो हलतो.

म्हणून आमची मागणी सरळ आहे. राज्यमंत्री वाढवायचे तर खुशाल वाढवा. पण मर्यादा तीच ठेवून, कॅबिनेटच्या जागा कमी करून. प्रत्येकाला एकच सेवा नावानिशी द्या : एकाला ग्रामीण मोटारी, एकाला प्राथमिक दवाखाने, एकाला पिण्याचे पाणी. त्याचे अधिकार लेखी असोत, आणि वर्षाअखेर त्याने विधानसभेत हिशेब द्यावा. २०२८ च्या सिंहस्थाला ठरलेले पर्व आहे, म्हणून त्याच्या कामांना घाई आहे. स्थानकावर रोज तिष्ठणाऱ्या उतारूला पर्व नाही. त्याचे पर्व आपणच ठरविले पाहिजे.

नवा मंत्री तुमच्या गावी येईल, तेव्हा त्याला हार अवश्य घाला. मात्र हार घालताना विचारा : “साहेब, तुमच्या हाती कोणते काम आहे, आणि ते कोणत्या तारखेला पुरे होईल?” उत्तर न आले, तर पुढच्या खेपेला हाराचे पैसे वाचवा.